नाव कोरलेलं ताट गंजत का नाही?

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठ दिवस आधी देवळामागची खोली उघडली. यंदाच्या लग्नांना वापरून फेकायची ताटं-ग्लास आणायचे नाहीत, गावची भांडी काढायची, असं ठरलं होतं. पेट्यांतून स्टीलची तीनेकशे ताटं निघाली. तेवढ्यात एकाने जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक एका ताटाला लावलं. चिकटलं! "हाई ताट खोटं शे भाऊ," त्याने निकाल दिला. अस्सल स्टीलला चुंबक चिकटत नाही, असा त्याचा समज. मग काय, चिकटणारी ताटं भंगारात घाला आणि बाजारातून गठ्ठे आणा, अशी भाषा सुरू झाली.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे गप्प बसवेना. तेच ताट पालथं केलं. मागे कुणाच्या तरी स्मरणार्थ म्हणून नाव आणि सन १९८७ कोरलेलं होतं, टर्रर्र वाजणाऱ्या त्या हातयंत्राने, ठिपक्या-ठिपक्यांनी. एकेक ठिपका म्हणजे धातूला झालेली जखम. ताटं ठेवायच्या पेटीचा रंग जिथे जिथे खरवडला होता, तिथे गंजाचे पोपडे आले होते. या अक्षरांत मात्र तांबूस डागसुद्धा नव्हता.

याचं कारण क्रोमियम. साध्या लोखंडावर चढणारा गंज फुगीर आणि भुसभुशीत असतो. तो धातूला झाकत नाही, पोपडा होऊन गळतो, आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा हवेला-पाण्याला उघडं पडतं. लोखंडात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम मिसळलं की खेळ बदलतो. हवेतल्या ऑक्सिजनशी क्रोमियमचा संयोग होऊन ऑक्साइडचा घट्ट थर बसतो, आणि तो गळत नाही. जाडी किती? एक ते तीन नॅनोमीटर. आपला केस अंदाजे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे हा थर डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. तुम्हाला चमकतो तो त्याच्याखालचा धातू. कोरणाऱ्याची सुई थर फोडते खरी, पण उघड्या पडलेल्या क्रोमियमला लगेच ऑक्सिजन भेटतो आणि नवा थर बसतो. सुई पुढच्या ठिपक्यावर जायच्या आत मागची जखम भरून आलेली असते. रंगाचं तसं नाही. रंग गेला की गेला.

१९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून वेगवेगळी पोलादं करून बघत होता. त्यातलं सुमारे १३ टक्के क्रोमियमचं पोलाद गंजेना. ते पुढे सुरी-काट्यांत गेलं आणि यथावकाश आपल्या पंगतीत आलं.

आता त्या चुंबकाकडे. क्रोमियमसोबत आठेक टक्के निकेल घातलं की लोखंडाच्या अणूंची मांडणीच वेगळी होते आणि चुंबक चिकटत नाही. निकेल नसेल तर चिकटतं, पण १६-१७ टक्के क्रोमियम असल्यामुळे ते स्टीलही गंजत नाही. उलट स्वस्त मालात निकेलऐवजी बरंचसं मँगेनीज घालतात, आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही! त्याहून गंमत म्हणजे निकेलचं उत्तम स्टीलही दाबून-ओढून वाकवलं की तिथली मांडणी थोडी बदलते; म्हणून एकाच वाटीच्या तळाला चुंबक घसरतं आणि काठाला हलकंसं धरतं. ही परीक्षा भांड्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला हुशार वाटावं एवढ्याच कामाची.

मग स्टील अमर आहे का? नाही. त्याचा वैरी म्हणजे मीठ. ताटात लोणच्याची फोड रात्रभर चिकटून राहिली की तिच्याखाली ऑक्सिजन पोचत नाही, आणि मिठातला क्लोराइड आयन (ऋणभार असलेला कण) एखाद्या कच्च्या जागी थर भेदतो. तिथून धातूचे धनभारित आयन सुटतात. त्यांचा भार तोलायला आणखी क्लोराइड आत ओढले जातात. हेच धातूचे आयन पाण्याशी क्रिया करून आम्ल तयार करतात, आणि आम्लात नवा थर धरत नाही. खड्डा स्वतःच स्वतःला खोल करत जातो, वरून मात्र टाचणीच्या टोकाएवढा दिसतो. आमच्या तीनशेतल्या चार ताटांना असे खड्डे निघाले. ती खरोखर भंगारात गेली. त्यातल्या एकालाही चुंबक चिकटत नव्हतं.

"केळीचं पान काय वाईट?" असं एका काकूंनी विचारलं. जळगाव जिल्ह्यात पानांना तोटा नाही, मान्य. पण शेवभाजीचा रस्सा पानावर थांबत नाही. कागदी कपाचं कौतुकही मला पटत नाही. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आली, तेव्हापासून कागदी म्हणजे शुद्ध असा समज पसरलाय. कागद चहा धरून ठेवतो तो आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरामुळे. खरगपूरच्या आयआयटीत अशा कपात ८५-९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवलं, तर प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरले.

खरी अडचण पाण्याची आहे. स्टील करायला भट्टी चौदाशे अंशांच्या वर तापवावी लागते. तो खर्च ताट पुन्हा पुन्हा पंगतीत बसलं तरच फिटतो, आणि दर पंगतीला धुणं आलंच. वैशाखात टँकरच्या पाण्याने तीनेकशे ताटं नळाखाली धुणं परवडत नाही. बायकांनी जुनी रीत काढली: खरकटं आधी ढोरांच्या टोपल्यात, मग चुलीच्या राखेने कोरडंच घासायचं, मग दोन टोपांत बुडवायचं. राखेतला पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा काढतो. पुसायला कुणी थांबलं नाही, त्यामुळे सकाळी ताटांवर पांढरे ठिपके उमटले आणि चुंबकवाले भाऊ पुन्हा हजर. हा गंज नव्हता, बोअरच्या पाण्यातला चुना होता. अर्ध्या लिंबाने निघाला.