सातव्या महिन्यातलं बाळ, आठव्या महिन्यातलं बाळ

"सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही." प्रसूतीच्या वॉर्डाबाहेर हे आजही ऐकू येतं आणि दर वेळी माझा जीव खालीवर होतो. कारण खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. आईच्या पोटातला एकेक आठवडा बाळाच्या फुफ्फुसांसाठी मोलाचा असतो.

फुफ्फुसात हवेचे इवलेसे कोश असतात आणि त्यांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचा पृष्ठताण कोशाला सतत आत ओढतो. कोश उघडा ठेवायला लागणारा दाब म्हणजे ताणाची दुप्पट भागिले त्रिज्या. त्रिज्या निम्मी झाली की दाब दुप्पट लागतो. फुगा फुगवताना पहिली फुंकरच जड जाते, तसंच हे. श्वास सोडला की कोश लहान होतो, म्हणजे मिटायला आणखी सोपा. यातून वाचवतो तो सर्फॅक्टंट, साबणासारखा ताण उतरवणारा स्निग्ध पदार्थ. कोश आक्रसला की त्याचे रेणू दाटीवाटीने उभे राहतात, ताण आणखी उतरतो आणि कोश मिटत नाही. किती सुंदर योजना! पण तो पुरेसा तयार व्हायला साधारण 34-35 आठवडे जावे लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुफ्फुसात त्याचीच उणीव असते, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्ये दाखवलं. तरीही 1963 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांचा, केनेडींचा, साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा दोन दिवसही जगला नाही. तेव्हा उपायच हाताशी नव्हता.

आज आहे, पण तो प्रत्येक दवाखान्यात नसतो. म्हणून आपल्याकडे पायऱ्या केल्या आहेत. जिथे बाळंतपण होतं तिथे वॉर्मर आणि श्वास देण्याची पिशवी असलेला नवजात कोपरा, ग्रामीण रुग्णालयात एनबीएसयू (नवजात बाळाला सावरणारा छोटा कक्ष), जिल्हा रुग्णालयात एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विशेष कक्ष), त्याच्यावर व्हेंटिलेटर असलेला एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). 1800 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचं बाळ एसएनसीयूचं. देशातला पहिला जिल्हा पातळीवरचा असा कक्ष पश्चिम बंगालात पुरुलियाला 2003 मध्ये सुरू झाला.

बबल सीपॅप पाहिलाय? बाळाच्या नाकात बारीक नळ्या, आणि श्वास सोडण्याच्या नळीचं टोक बाटलीतल्या पाण्यात 5 सेंटिमीटर बुडवलेलं. बुडबुडे येत राहतात, तेवढाच दाब फुफ्फुसात टिकतो आणि कोश मिटत नाहीत. सर्फॅक्टंटचं थोडं काम पाण्याची बाटली करते.

'सातव्यातलं जगतंच' म्हणून गावातच थांबणं आणि 'आठव्यातलं जगत नाही' म्हणून हात टेकणं, दोन्ही सारखंच घातक. 34 आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या तर बाळाला आईच्या पोटात असतानाच मोठ्या रुग्णालयात पोचवणं सगळ्यात सुरक्षित. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची 6 मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं, 12-12 तासांनी, आईला दिली की बाळाचं फुफ्फुस लवकर पिकतं. त्यातलं पहिलं उपकेंद्रातल्या एएनएम ताईही देऊ शकतात, 108 ची गाडी येईपर्यंत.