उतरलेलं वजन परत का चढतं: एका दडपणाची पार्श्वभूमी

माझ्या लग्नातल्या जरीच्या ब्लाउजला काखेखाली दोन्ही बाजूंनी शिवणींच्या चार ओळी आहेत. गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या शिंपीकाकांनी शिवतानाच आत दीड इंच कापड सोडलं होतं, 'पुढे लागतं' म्हणून. मी बारीक झाले की ते टीप आत घ्यायचे, अंग सुटलं की उसवून द्यायचे. उसवलेल्या टिपेची भोकं रेशमातून जात नाहीत. ब्लाउज खिडकीपाशी उजेडात धरला की ती सगळी दिसतात: एक ओळ लग्नाआधीच्या उकडलेल्या दुधीची, एक धाकट्याच्या बाळंतपणानंतरच्या जिमची, एक दिवसातून दोनदाच जेवण्याची. दर खेपेला सात-आठ किलो गेले आणि वर्ष-दीड वर्षात परत आले, येताना एखादा किलो जास्त घेऊन.

आमच्या आळीत असा ब्लाउज नसलेली बाई शोधावी लागेल. आणि यातल्या प्रत्येकीला मनातून वाटतं, आपल्याला जिभेवर ताबा नाही. हा दोष आपल्या माथी कधी आणि कसा आला, ते शोधायला बसले, म्हणून हे टिपण.

कमी खाणं आपल्याला नवं नव्हतं. एकादशी होती, सोमवार होते, श्रावणभर शिवराक (शाकाहारी जेवण) होतं. शिरगावच्या लईराई देवीचे धोंड, म्हणजे भक्त, जत्रेआधी व्रत पाळतात, ते आजही पाळतात. पण या उपासांना तिथी होती आणि पारणं होतं. उपास देवासाठी होता. तो सुटला की पानात गोडधोड पडायचं आणि कुणाला अपराधी वाटत नसे. उपाशी पोट नंतर वसुली करतं हेही आपल्या भाषेला ठाऊक होतं. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण उगाच पडलेली नाही. डाएटला मात्र पारणं नसतं.

माझी आजी पोर्तुगीज अमदानीत वाढली. गोव्यात पिकणारा भात वर्षभर पुरत नसे, बाहेरून आणावा लागे. १९५० च्या दशकात भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा तर साध्या साध्या वस्तूंची ओढाताण झाली. त्या घरांत सकाळी दहाला उकड्या तांदळांची पेज आणि तोंडी लावायला तोराचा, म्हणजे खारातल्या कैरीचा, तुकडा, हेच खाणं. नंतर शेतात लावणी, विहिरीचं पाणी, भात कांडणं. रोजच्या हुमणाचं, म्हणजे माशांच्या कालवणाचं, वाटपसुद्धा रगड्यावर. त्या रगड्याचा वरवंटा मी लहानपणी दोन्ही हातांनी ओढून पाहिला आहे. एका नारळाच्या वाटपाला आजीच्या कपाळावर घाम यायचा. अशा काळात माहेरवाशीण चवथीला आली आणि 'अंगाने भरलीय हो' असं कुणी म्हटलं, तर आई सुखावायची. लेकीला सासरी पोटभर मिळतं, असा त्याचा अर्थ होता.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. शाळा आल्या, सरकारी नोकऱ्या आल्या, नळ आले, मिक्सर आला, स्कूटर आली. यातलं काहीच वाईट नव्हतं. माझ्या आईचे खांदे त्यामुळे वाचले. पण ताटातलं शीत, म्हणजे भात, तेवढंच राहिलं, वर पोदेराचा पाव आला, बेकरीतले पॅटिस आले, आणि घाम गेला. एवढा बदल जेमतेम दोन पिढ्यांत झाला. रगड्याच्या जागी मिक्सर कुणाच्या आळसामुळे आला नाही, आणि त्यामुळे चढलेले किलोही आळसाचे नव्हेत.

आता आकड्याची गोष्ट. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचं सूत्र १८३०च्या दशकात बेल्जियमच्या आडॉल्फ केटले यांनी मांडलं. ते खगोल आणि संख्याशास्त्राचे माणूस. त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधायचं होतं; कोण आजारी आणि कोण जाड, हे ठरवणं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. डाएटची लाट वेगळीकडून आली. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचे अंत्यविधीचं सामान पुरवणारे गृहस्थ होते, वजन २०२ पौंड. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यांनी पाव, साखर, बटाटे सोडले, वजन उतरलं, आणि १८६३ मध्ये त्यांनी स्वतःचा अनुभव छापून वाटला. तो इतका गाजला की स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही 'बांता' म्हणतात. त्यानंतर विसाव्या शतकात अमेरिकन विमा कंपन्या पुढे आल्या. कोणता ग्राहक लवकर मरेल याचा हिशेब त्यांना हवा होता, म्हणून १९४०च्या दशकात त्यांनी उंचीप्रमाणे 'आदर्श वजना'चे तक्ते काढले. ते त्यांच्या पॉलिसीधारकांवर बेतलेले होते. पेजेवर वाढलेल्या बाईचा त्यात कुठे विचार असणार!

१९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी केटलेंचं सूत्र उचललं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिलं. त्यांनी तपासलेले सुमारे ७,४०० लोक सगळे पुरुष होते. १९९८ मध्ये अमेरिकेने जास्त वजनाची रेषा खाली आणून २५ वर ठेवली, तेव्हा कोट्यवधी लोक एका ग्रॅमनेही न वाढता जाड ठरले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ती आपल्यासाठी २३ वर आणली. त्याला कारण होतं: आपल्या लोकांत कमी वजनालाही पोटावर चरबी साठते आणि मधुमेह लवकर होतो. पाच फूट दोन इंचाच्या बाईला पाश्चात्त्य हद्द ६२ किलोची, आपली ५७ ची.

याच कीज यांनी त्याआधी एक प्रयोग केला होता. माझ्या मते तो शाळेत शिकवायला हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी युरोपात उपासमार होती. उपाशी माणसाला पुन्हा कसं खाऊ घालावं हे कळावं म्हणून मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुण स्वखुशीने पुढे आले. युद्धात लढायला सद्सद्विवेकापोटी नकार दिलेली ही माणसं. १९४५ मध्ये २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १,५७० कॅलरी दिल्या आणि आठवड्याला २२ मैल चालवलं. वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. पण बाकी जे झालं ते वाचताना मला माझेच दिवस दिसले. त्यांना सतत थंडी वाजायची. चिडचिड वाढली. बोलणं फक्त अन्नाचं. काहीजण पाककृतींची पुस्तकं गोळा करून रात्री वाचत बसायचे, काहीजण ताट चाटून पुसायचे. आणि प्रयोग संपून हवं तेवढं खायला मिळालं तेव्हा पोट भरलं तरी भूक जाईना. आधी होती त्याहून जास्त चरबी अंगावर आली.

ते पुरुष होते, त्यांची गरज आपल्यापेक्षा जास्त होती, हे खरं. तरीही आज आपल्या हातात पडणाऱ्या डाएट चार्टवर बऱ्याचदा १,२०० चा आकडा असतो, आणि आठव्या दिवशी आपण फ्रीजपाशी रडत उभ्या राहिलो तर त्याला निग्रहाचा अभाव म्हणतात.

वजनाच्या या चढउताराला 'यो-यो' हा शब्द १९८०च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केली ब्राउनेल यांनी रूढ केला. दोरीवर खाली जाऊन पुन्हा हातात येणारं ते खेळणं. त्यांनी उंदरांना दोनदा बारीक करून दोनदा खाऊ घातलं. दुसऱ्या खेपेला वजन निम्म्या वेगाने उतरलं आणि तिप्पट वेगाने चढलं. माणसांत हा फरक इतका ठळक दिसला नाही. पण वजन परत येण्याचं कारण हळूहळू उलगडत गेलं. १९९४ मध्ये लेप्टिन सापडलं. हे चरबीतून निघणारं संप्रेरक मेंदूला साठा पुरेसा असल्याचं सांगतं. चरबी घटली की ते घटतं आणि भूक चाळवते. २०११ मधल्या मेलबर्नच्या अभ्यासात वजन उतरवून वर्ष उलटलं तरी भुकेची संप्रेरकं पूर्ववत झालेली नव्हती. अमेरिकेत टीव्हीवर वजन घटवण्याची स्पर्धा केलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचं शरीर स्वस्थ बसलेलं असताना अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. आणि उतरलेल्या वजनाचा मोठा भाग परत आला होता. शरीराला डाएट आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही.

आपल्याकडे हे दडपण पसरलं ते १९९०च्या दशकात. १९९४ मध्ये सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय एकाच वर्षी जगज्जेत्या ठरल्या, घरोघरी केबल आली, मग शहरांत स्लिमिंग सेंटरं आली. (मूळ गोव्याच्या रीटा फारिया १९६६ मध्येच मिस वर्ल्ड झाल्या होत्या, पण तेव्हा आमच्या गावात टीव्हीच नव्हता, आणि त्या पुढे डॉक्टर झाल्या याचंच कौतुक जास्त.) लग्नाच्या जाहिरातीत 'सडपातळ' हा शब्द 'गृहकृत्यदक्ष'च्या पुढे जाऊन बसला. अलीकडे मराठी घरांत ऋजुता दिवेकर की डॉ. जगन्नाथ दीक्षित, दर दोन तासांनी खायचं की दिवसातून दोनदाच, यावर हळदीकुंकवाला वाद रंगले. गोव्यात देवळाच्या पायऱ्या चढतानाही कुणीतरी म्हणतंच, "मोटी जाली गो!" यात दुष्टपणा नसतो. पण ते ऐकणारीचा घास त्या दिवशी घशात अडकतो.

याच सुमारास दुसरी, खरी काळजी दाराशी आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के, देशाचं ११.४ टक्के. डॉक्टर वजनाबद्दल बोलतात ते यासाठी, आणि त्यांनी बोलायलाच हवं. घोटाळा असा झाला की रक्तातल्या साखरेची काळजी आणि लग्नातल्या फोटोची काळजी एकाच वाक्यात बोलली जाऊ लागली: 'वजन कमी कर.' पहिलीसाठी थोडं उतरलेलं आणि टिकलेलं वजन, रोजचं चालणं, शीत कमी आणि मासे-भाजी जास्त, यानेही फरक पडतो. दुसरी मात्र महिन्यात दहा किलो मागते आणि यो-यो हातात देते. २०२५ पासून वजनासाठीची नवी इंजेक्शनंही भारतात मिळतात. ती भुकेवरच काम करतात, म्हणून त्यांचा गुण येतो. पण त्यांतलं सेमाग्लुटाइड हे औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचं चाचणीतच दिसलं आहे. म्हणजे तिथेही निग्रहाचा प्रश्न नव्हता.

माझी मोठी जाऊ दोन वर्षं साखर तपासायला गेली नाही. आधीच्या दवाखान्यात काटा बाहेर, बाकड्यांसमोर होता आणि नर्स आकडा मोठ्याने सांगायची. "वैनी, घरचं कुणी सोबत येऊ दे," म्हणून मीच तिला यंदा दुसरीकडे नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी दार लोटलं. मग जावेला काट्यावर भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आकडा स्वतःच्या कागदावर लिहिला आणि विचारलं, "रात्री झोप लागते का हो तुम्हाला?" जाऊ अर्धा तास बोलत होती.