उतारवयातील मांजराचा आहार

सात-आठ वर्षांपुढील पाळीव मांजराचे वजन, स्नायू, दात, मूत्रपिंडे आणि पचन पाहून त्याला कोणते खाद्य, किती आणि कसे द्यायचे हे ठरवण्याची रीत. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत ७ ते १० वर्षे हा पक्व प्रौढपणाचा आणि १० वर्षांपुढचा काळ ज्येष्ठत्वाचा मानला आहे. घरातच वाढलेले मांजर पंधरा वर्षे सहज काढते. म्हणजे जवळजवळ अर्धे आयुष्य या दोन टप्प्यांत जाते.

पाकिटावरचे ‘सीनियर’, ‘७+’, ‘११+’ हे शब्द कोणत्याही पोषणमानकाशी बांधलेले नाहीत. पशुखाद्याची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेतील ‘आफ्को’ या संस्थेच्या मांजरांसाठीच्या तक्त्यात दोनच रकाने आहेत: वाढ व प्रजनन, आणि प्रौढांचा निर्वाह. म्हाताऱ्या मांजरांचा वेगळा रकाना नाही. त्यामुळे एका कंपनीच्या सीनियर खाद्यात प्रथिने आणि फॉस्फरस कमी, तर दुसरीच्या खाद्यात तरुण मांजराच्या खाद्याहून जास्त, असे खुशाल आढळते. वयाचा आकडा पाहून पाकीट उचलणे हा निवडीचा सर्वांत कच्चा मार्ग होय. वजनकाटा, हाताचा स्पर्श आणि रक्त-लघवीचा अहवाल या तिन्हींवर निवड ठरते.

वयाबरोबर होणारे बदल. माणसाचा किंवा कुत्र्याचा ठोकताळा येथे चालत नाही. साधारण सात ते अकरा वर्षांच्या काळात, विशेषतः नसबंदी झालेल्या आणि दिवसभर खिडकीत बसून राहणाऱ्या मांजराची ऊर्जेची गरज घटते आणि ते सुटत जाते. अकरा-बारानंतर चाक उलटे फिरते. बाराच्या पुढे बऱ्याच मांजरांना खाल्लेला स्निग्धांश पूर्वीसारखा पचत नाही, चौदाच्या पुढे काहींना प्रथिनेही नीट पचत नाहीत. तेवढ्याच खाण्यात अंगाला कमी लागते आणि मांजर रोडावते. ‘म्हातारे झाले, आता हलके द्या’ म्हणून तेरा वर्षांच्या बोक्याला कमी कॅलरीचे खाद्य सुरू करणे ही नेहमी घडणारी चूक आहे, आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत दोन-तीन महिने गेलेले असतात.

मांजर पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. त्याचे यकृत प्रथिने जाळून ऊर्जा मिळवण्याचे काम थांबवूच शकत नाही. आहारात प्रथिने कमी पडली की ते स्वतःचे स्नायू मोडून खाते. म्हणून मूत्रपिंडे ठणठणीत असलेल्या म्हाताऱ्या मांजराची प्रथिने ‘किडनीला त्रास नको’ म्हणून आधीच कमी करू नयेत. आफ्कोचे प्रौढ मांजरासाठीचे किमान प्रमाण शुष्क भागाच्या (पाणी वगळून उरलेल्या खाद्याच्या) २६ टक्के आहे. ही तळाची रेघ झाली. उतारवयात ४० टक्क्यांच्या आसपासचे खाद्य शोधावे.

हाताने तपासणी. एका हाताची मूठ वळून सांध्यांच्या उंचवट्यांवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवावे. मांजराच्या बरगड्या तशा लागल्या तर ते रोड आहे. मूठ उघडून हाताच्या पाठीवरून बोट फिरवले की लागते तशा लागल्या तर ठीक. तळव्याच्या गादीसारखे मऊ लागून बरगड्या सापडतच नसतील तर लठ्ठ. स्नायूंचा अंदाज वेगळा घ्यावा लागतो. पाठीच्या कण्यावरून तळवा फिरवावा, खांद्याची हाडे आणि डोळ्यांमागचा खोलगट भाग चाचपावा. उतारवयात पोट लोंबते आहे आणि कणा मात्र करवतीच्या दात्यांसारखा हाताला लागतो आहे, असेही होते. अशा वेळी काट्यावरचा आकडा तोच राहतो आणि फसवतो.

वजन पंधरा दिवसांनी एकदा, त्याच काट्यावर करावे. मांजर कडेवर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभे राहिल्यास शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. प्रवासाच्या बॅगा मोजायचा दहा ग्रॅम अचूकतेचा लटकता काटा पिंजऱ्याच्या मुठीला अडकवून, रिकाम्या पिंजऱ्याचे वजन वजा करणे सोपे पडते. ४ किलोचे मांजर ३.८ वर आले, तर ती पाच टक्क्यांची घट आहे. ६० किलोचा माणूस ३ किलो उतरावा तशी. आहार न बदलता एवढी घट झाली तर खाद्य बदलण्याआधी तपासणी करावी.

किती द्यावे. विश्रांतीची ऊर्जा काढण्याचे सूत्र ‘७० × किलोतील वजनाचा ०.७५ वा घात’ असे आहे. ४ किलोला ती दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरी येते. सुस्त, नसबंदी झालेल्या मांजराला साधारण तेवढीच पुरते. बारापुढच्या हडकुळ्या मांजराला १.२ ते १.४ पट, म्हणजे २४० ते २८० लागू शकते. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला बहुधा ३५० ते ४०० किलोकॅलरी असते, ओल्या पाऊचमध्ये ७० ते १००. दिवसाला २२० किलोकॅलरी द्यायच्या असतील, तर ८५ ग्रॅमचे दोन पाऊच (प्रत्येकी सुमारे ६८) आणि २२ ग्रॅम कोरडे खाद्य हा हिशेब बसतो. बावीस ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजावेत. वाटीने मोजताना ‘जरा वर आले’ की पाच ग्रॅम वाढतात, म्हणजे रोज वीस किलोकॅलरी जास्त.

लठ्ठ मांजराला बारीक करतानाही घाई नको: आठवड्याला अर्धा ते एक टक्का, म्हणजे ६ किलोच्या मांजराचे ३० ते ६० ग्रॅम. वरखाऊ (उकडलेले तुकडे, ट्यूबमधले चाटण, चीज) दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांत बसवावे. वीस किलोकॅलरी म्हणजे उकडलेल्या चिकनचे जेमतेम १२ ग्रॅम.

पाणी. मांजराला किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, आणि वाळवंटी पूर्वजांचा वारसा म्हणून ते तहानेला फार दाद देत नाही. वरच्या हिशेबातल्या दोन पाऊचमधून सुमारे १३५ मिलिलिटर पाणी पोटात जाते. नुसत्या ५८ ग्रॅम कोरड्या खाद्यातून पाचसहा मिलिलिटरच मिळते. उरलेले दोनशे मिलिलिटर मांजर आपणहून पिईल अशी अपेक्षा फोल आहे. मूत्रपिंडे कमजोर झाली की लघवी पातळ होते, पाणी जास्त वाहून जाते आणि त्यातून बद्धकोष्ठताही होऊ शकते. त्यामुळे उतारवयात निदान निम्मी ऊर्जा ओल्या खाद्यातून यावी. पाऊचमध्ये आणखी एक-दोन चमचे कोमट पाणी कालवता येते. इसबगोल द्यायचा असेल तर पाव चमच्यापासून, भरपूर पाणी घातलेल्या ओल्या खाद्यातूनच द्यावा. सुक्या खाण्यावर भुरभुरलेला इसबगोल आतड्यातले पाणी शोषून खडा अधिक घट्ट करतो.

पाकीट वाचणे. ओल्या पाऊचवर ‘प्रथिने १० टक्के’ आणि कोरड्यावर ‘३२ टक्के’ पाहून कोरडे सरस वाटते. पाणी वगळून पाहावे. पाऊचमध्ये ८० टक्के पाणी असेल तर शुष्क भाग २०. त्यात १० म्हणजे ५० टक्के प्रथिने. कोरड्यात १० टक्के पाणी धरून ३२ भागिले ९०, म्हणजे साडेपस्तीस टक्के. कर्बोदकांचा आकडा सहसा छापत नाहीत. शंभरातून प्रथिने, स्निग्धांश, तंतू, राख (म्हणजे खनिजांश) आणि पाणी वजा केले की तो मिळतो; राखेचा आकडा नसेल तर कोरड्या खाद्यात ७-८ धरावी.

‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असे शब्द असतील तरच ते खाद्य एकट्याने पुरेसे. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेली चाटणे आणि मासळीच्या रश्शाचे डबे हे वरखाऊच. घटकांच्या यादीत सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट, फॉस्फोरिक ॲसिड अशी नावे वरच्या बाजूला असतील तर ते खाद्य म्हाताऱ्या मांजराला टाळावे: मांसाहाडांतल्या फॉस्फरसपेक्षा या क्षारांतला फॉस्फरस झपाट्याने रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांना जड जातो.

घरचे अन्न. कोकण-गोव्यात मासे-भात आणि देशावर दूध-पोळी हा मांजराचा पिढीजात आहार. बाहेर उंदीर, पाली मारून उणीव भरून काढणाऱ्या मांजराचे त्यावर भागत असे. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या चौदा वर्षांच्या मांजराचे भागत नाही. वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, आणि पातळ शौचाने म्हातारे शरीर लवकर कोरडे पडते. नुसते उकडलेले चिकन हा आजचा ‘पौष्टिक’ गैरसमज आहे. १०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १०-१५ असते. महिनोन्महिने तेच दिल्यास शरीर हाडांतून कॅल्शियम ओढते. शिवाय उकळलेले पाणी ओतून दिले की त्यात उतरलेले टॉरिन (मांसातून मिळणारे, मांजराला आवश्यक असे पोषकद्रव्य) मोरीत जाते. टॉरिनच्या कमतरतेने मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, हे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले. त्यानंतर तयार खाद्यांतले टॉरिन वाढवण्यात आले. टॉरिन फार घटल्यास दृष्टीही जाते.

काही कच्च्या माशांत जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे विकर असते, म्हणून मासा शिजवूनच, काटे काढून द्यावा. खारवलेला बांगडा देऊ नये. कालवणातला तुकडा ‘धुऊन’ दिला तरी त्यात मुरलेला कांदा-लसूण राहतोच, आणि तो मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. रोज कलेजी दिल्यास अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके एकमेकांना चिकटतात. मान वळेनाशी झालेले मांजर पाठ चाटणे सोडते. संपूर्ण घरचाच आहार द्यायचा असेल तर पशुपोषणतज्ज्ञाकडून कृती मोजमापासह लिहून घ्यावी.

आजारानुसार निवड. दहानंतर वर्षातून दोनदा वजन, रक्तदाब, क्रिएटिनिन व एसडीएमए (मूत्रपिंडांची स्थिती सांगणारे रक्तातले घटक), टी-४ (थायरॉइडचे संप्रेरक), साखर आणि लघवीची घनता तपासावी. क्रिएटिनिन वर जाईपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश क्षमता गेलेली असते. एसडीएमए त्याआधी इशारा देते. जुनाट मूत्रपिंडविकाराच्या दुसऱ्या टप्प्यापासून (क्रिएटिनिन डेसिलिटरमागे १.६ ते २.८ मिलिग्रॅम) फॉस्फरस कमी असलेले ‘रीनल’ खाद्य सुचवले जाते. ते निरोगी मांजराला ‘खबरदारी’ म्हणून देऊ नये. त्यातली मर्यादित प्रथिने स्नायूंना कमी पडतात.

अधाशासारखे खाऊनही मांजर वाळत असेल, रात्री ओरडत असेल, तर थायरॉइड वाढल्याची शंका घ्यावी. त्यावरचे आयोडीन अगदी कमी असलेले खाद्य गुण देते, पण दुसरे काहीही तोंडात गेले नाही तरच. कोळणीने टाकलेले माशाचे एक डोके त्यावर पाणी फिरवते. मधुमेहात कर्बोदकांतून येणारी ऊर्जा १०-१२ टक्क्यांच्या आत असावी, आणि हे ओल्या खाद्याने साधते. मात्र मांजराला इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना न कळवता कोरड्यावरून ओल्यावर जाऊ नये. काही दिवसांतच इन्सुलिनची गरज घटते, आणि जुन्याच मात्रेने साखर एकदम खाली येऊन झटके येऊ शकतात.

वाढण्याची पद्धत. मांजराच्या जिभेला गोड कळत नाही. पेढ्यावर तुटून पडणारे मांजर खव्याच्या स्निग्ध वासाने आलेले असते. खायचे की नाही हे नाक ठरवते, आणि म्हातारपणी नाकही मंदावते. म्हणून फ्रिजमधले खाद्य वाटी गरम पाण्यात ठेवून ३७-३८ अंशांपर्यंत, म्हणजे ताज्या शिकारीइतके कोमट करावे. बारा वर्षांवरील मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत दहापैकी नऊ जणांना सांध्यांची झीज आढळली आहे; भांडे पाटावर किंवा उलट्या डब्यावर दहा-पंधरा सेंटिमीटर उंच ठेवले की मान वाकवावी लागत नाही. पसरट बशी बरी. दिवसातून दोनदा भरपेट देण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे द्यावे. वाटीकडे धावत येऊन, वास घेऊन, एक घास उचलून तो पाडणे आणि निघून जाणे ही दातदुखीची किंवा मळमळीची खूण आहे. अशा मांजराचे खाद्य बदलून उपयोग नाही, तोंड उघडून पाहायला हवे.

नवे खाद्य तीन-चार आठवड्यांत, पाव हिश्श्याने वाढवत आणावे. मळमळ, ताप किंवा दवाखान्यातील मुक्काम चालू असताना ते पुढे करू नये: मांजर त्या त्रासाचे नाते नव्या वासाशी जोडते आणि पुढे ते खाद्य कायमचे नाकारते. औषधे कालवूनही हेच होते.

पावसाळ्यात उघडे कोरडे खाद्य मऊ पडते, खवट होते, बुरशी धरते. ते मूळ पिशवीतच, पिशवी घट्ट मिटून हवाबंद डब्यात ठेवावे आणि महिनाभरात संपेल एवढेच आणावे. फोडलेला पाऊच फ्रिजमध्ये दोन दिवस, उन्हाळ्यात बाहेर तासभर.

‘भूक लागली की खाईल झक मारत’ हा हिशेब मांजराला, त्यातून लठ्ठ मांजराला लावणे जिवावर बेतते. दोन-तीन दिवस पोटात काही न गेल्यास शरीरातली चरबी यकृतात साचून ते निकामी होऊ लागते. चोवीस तास अन्नाला तोंड न लावलेल्या म्हाताऱ्या मांजराला दवाखान्यात न्यावे. रीनल खाद्य काही केल्या न खाणाऱ्या मांजराला त्याचे आवडते ओले खाद्य द्यावे आणि प्रत्येक जेवणात डॉक्टरांनी ठरवलेली फॉस्फरस बांधून ठेवणारी पूड मिसळावी; ती बिनवासाची असते. जेवणाबरोबरच पोटात गेली तरच ती काम करते, तासाभराने दिलेली वाया जाते.