आधी तोंडात दिसलं

तोंडाच्या विकारांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत एका टेबलावर तुटलेली नस (रक्तवाहिनी नव्हे, मेंदूचे संदेश नेणारी) पुन्हा कशी वाढते ते पाहणं चालतं, तर शेजारच्या टेबलावर हिरडीतले जंतू वाढवलेले असतात. बाहेरच्या माणसाला ही मोट कुणीतरी ओढूनताणून बांधल्यासारखी वाटते. पण तोंड ही शरीराच्या आतली अशी जागा आहे, जी चिरफाड न करता दिसते आणि जिथला नमुना नखानेही काढता येतो. त्यामुळे बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा दिसल्या त्या इथेच.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडव्यापारी आंतोनी व्हॅन लेव्हेनहूक रोज मीठ लावून दात घासायचा. तरी दाढांच्या फटीत भिजवलेल्या पिठासारखं पांढरं काहीतरी उरायचंच. ते त्याने पावसाच्या पाण्यात कालवून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं, तर आत वळवळणारे जीव! 17 सप्टेंबर 1683च्या पत्रात त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटी या वैज्ञानिकांच्या संस्थेला कळवलं. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातला नमुनाही त्याने तपासला. हे जीव दात किडवतात, असं मात्र त्याला वाटलं नाही.

तो धागा हाती लागायला दोनशे वर्षं गेली. बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी पाव आणि लाळ एकत्र करून, शरीराच्या तापमानाला त्यात दात ठेवला. दात मऊ पडू लागला. जंतू पिष्टमय पदार्थ आंबवतात, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते दात झिजवतं, ही मांडणी त्यांनी 1890च्या ग्रंथात केली, आणि ती आजही उभी आहे. नेमका गुन्हेगार कोण, हे मात्र त्यांना ठरवता आलं नाही. 1924 मध्ये क्लार्क या ब्रिटिश संशोधकाला किडलेल्या दातात एक जंतू सापडला. आकार लांबट दिसला म्हणून त्याला तो बदललेला प्रकार वाटला आणि नाव पडलं ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’. पुढे पस्तीसेक वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं फिरकलं नाही.

1960च्या सुमारास अमेरिकेत कीज आणि फिट्झजेराल्ड यांनी हॅमस्टरवर प्रयोग केले. गाभण मादीला प्रतिजैविकं दिली की तिची पिल्लं भरपूर साखर खाऊनही निरोगी दातांची राहत. त्यांना किडक्या दातांच्या हॅमस्टरबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवलं, की त्यांचेही दात किडत. कीड आईबापांकडून ‘वारशात’ येते असं समजत होते, ती प्रत्यक्षात लागण होती. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. हिरड्यांचा हिशेब 1965 मध्ये डेन्मार्कच्या आरहूसमध्ये लागला. बहुतांशी दंतवैद्यकाचे विद्यार्थी असलेल्या 12 जणांनी दात घासणं थांबवलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या.

तोंडातून जे दिसतं त्यावरून अख्ख्या शरीराबद्दल बोलायचा मोहही जुनाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘दातातला पू हेच सांधेदुखीपासून वेडापर्यंत सगळ्याचं मूळ’ हा विचार इतका फोफावला, की असंख्य लोकांचे धडधाकट दात उपटले गेले. म्हणून 2019 मध्ये हिरड्यांतला ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जंतू अल्झायमर झालेल्या मेंदूत सापडल्याची बातमी गाजली, तेव्हा जाणत्यांनी भुवया उंचावल्या. त्या जंतूच्या विकरांना (एन्झाइमांना) रोखणाऱ्या औषधाची 600हून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. 2021 मध्ये निकाल लागला: स्मृतीची घसरण थांबली नव्हती.

नसेची गोष्टही तोंडातच सुरू होते, फक्त ते तोंड बेडकाचं. लंडनच्या केन्सिंग्टन भागात डॉक्टरकी करणारे ऑगस्टस वॉलर यांनी 1850 मध्ये बेडकाच्या जिभेकडे जाणाऱ्या नसा कापल्या. जीभ पातळ आणि पारदर्शक, त्यामुळे आतले तंतू सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येत. कापलेल्या जागेच्या पुढचा भाग काही दिवसांत तुटत, विरत गेला, मागचा टिकला. म्हणजे तंतूचं पोषण मागच्या पेशीकडून होतं. नस पुन्हा वाढते ती त्या टिकलेल्या टोकाकडूनच, दिवसाला साधारण एक मिलिमीटर.

तिला वाढायला सांगतं कोण? अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन हे संशोधक नसांना वाढायला लावणाऱ्या पदार्थाच्या, म्हणजे वृद्धिघटकाच्या मागावर होते. शुद्धीकरणासाठी सापाचं विष वापरलं, तर विषातच तो पदार्थ ठासून भरलेला निघाला. विषाची पिशवी म्हणजे लाळग्रंथीच, या तर्काने कोहेन उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीकडे वळले आणि तिथे खजिना लागला. त्याच ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडले आणि पुढचे दातही लवकर फुटले. हा दुसराच वृद्धिघटक होता. 1986चं नोबेल दोघांना मिळालं.

2000 मध्ये दाताच्या आतल्या गरात मूळपेशी (ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात) सापडल्या आणि 2003 मध्ये पडलेल्या दुधाच्या दातातही. गर्भात या पेशी ज्या थरातून येतात, त्यातूनच शरीरातल्या बऱ्याच नसाही बनतात. म्हणून 2012 मध्ये जपानी संशोधकांनी मज्जारज्जू कापलेल्या उंदरांना त्या दिल्या, आणि उंदरांचे मागचे पाय काही प्रमाणात हलू लागले. दवाखान्यात मात्र अक्कलदाढ काढताना जिभेची नस तुटली, तर आजही शल्यचिकित्सक सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने दोन्ही टोकं शिवतात, आणि पेशंट रोजच्या त्या एका मिलिमीटरची वाट पाहत राहतो.