‘मिडी पिकअप’ या नावामागची गोष्ट

ब्रिजला, म्हणजे तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या आधाराला, खेटून बसवलेली बोटाहून बारीक पट्टी, तिच्यातून निघालेली वायर आणि गिटारच्या अंगावर कसलेला एक काळा डबा. या सगळ्या ऐवजाला वादक सर्रास ‘मिडी पिकअप’ म्हणतात. मिडी म्हणजे कोणता स्वर, किती जोरात वाजला हे आकड्यांत सांगणारी वाद्यांची आणि यंत्रांची भाषा. त्या पट्टीत मिडी कुठेच नाही. सहा तारांखाली सहा वेगवेगळे चिमुकले पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेच्या लहरीत बदलणारी चुंबकी साधनं, आहेत, बस्स. प्रत्येक तारेचा आवाज शेजारणीच्या आवाजात न मिसळता बाहेर काढायचा, एवढंच त्यांचं काम.

कल्पना मिडीहून जुनी आहे. १९७७मध्ये एका जपानी कंपनीने जीआर-५०० हा गिटार सिंथेसायझर, म्हणजे गिटार वाजवून इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं यंत्र, आणलं. त्याला कंपनीचीच गिटार आणि २४ पिनांची जाडजूड केबल लागे. त्याच वर्षी एका अमेरिकी कंपनीनेही गिटार सिंथेसायझर काढला. तो खपला नाही आणि १९८१मध्ये कंपनीच बंद पडली. १९८०चं जीआर-३०० मात्र आजही लोक शोधत फिरतात. त्यात तारेच्या कंपनावरूनच ऑसिलेटर (आवाजाची मूळ लहर तयार करणारा भाग) हाकला जाई, स्वर ओळखून त्याला नंबर द्यायची भानगडच नव्हती. त्यामुळे आवाज बोटाबरोबर यायचा.

१९८३मध्ये मिडी आलं, आणि १९८४च्या जीआर-७००ला मिडी आउट, म्हणजे मिडी बाहेर पाठवायची सोय, होती. आता तार छेडली की कोणता स्वर वाजला हे यंत्राला आधी ठरवावं लागे. सर्वांत जाड तारेचा खुला स्वर ८२.४ हर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन साधारण १२ मिलिसेकंदांचं. प्लेक्ट्रमच्या आघाताने सुरुवातीचा तुकडा गढूळ झालेला असतो, म्हणून खात्री करायला दोनेक आवर्तनं हवीत. तेवढ्यात साधारण २५ मिलिसेकंद निघून जातात. बारीक तारेला तेच आवर्तन ३ मिलिसेकंदांत पुरं होतं, म्हणून वरच्या तारा चपळ आणि खालच्या रेंगाळणाऱ्या वाटतात. मींड घ्यायची तर आणखी पंचाईत. मिडीत पिच बेंड, म्हणजे स्वर वरखाली सरकवण्याचा हुकूम, अख्ख्या चॅनेलला लागतो, त्यामुळे एक तार ओढली की सहाही सरकणार. उपाय म्हणून प्रत्येक तारेला स्वतंत्र चॅनेल दिला गेला.

या सगळ्या तक्रारींचं खापर फुटलं ते पट्टीवर. स्वर ओळखून मिडी बनवणारा, उशीर करणारा कन्व्हर्टर पायाशी आणि शिव्या खाणारा पिकअप ब्रिजशी! नावाने हा घोळ पक्का केला. त्यात ८०च्या दशकाच्या उत्तरार्धात २४ पिना जाऊन १३ पिनी डिन सॉकेट आलं, ते दिसायला मिडीच्या ५ पिनी सॉकेटचं थोरलं भावंड. आत मात्र सहा पिनांवर सहा तारा, सातवीवर गिटारचा नेहमीचा आवाज, एकीवर व्हॉल्यूम, दोहोंवर बटणं, आणि शेवटच्या दोघींवर अधिक-उणे ७ व्होल्ट. सगळं ॲनालॉग, म्हणजे आकडे नाहीत, नुसत्या विजेच्या लहरी.

याच सुमारास पट्टी कुठल्याही गिटारला बसवता येईल अशी सुटी विकायची हा निर्णय झाला. माझ्या मते तो सर्वांत मोठा निर्णय. गिटार विकत घ्यायची सक्ती गेली, पण नीट बसवण्याची जबाबदारी वादकाच्या गळ्यात पडली. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पट्टी आणि तार यांत १ मिलिमीटर अंतर हवं. ते सहाही तारांना साधायचं, तर फ्रेटबोर्डचा बाक आणि पट्टीचा बाक जुळायला हवेत, आणि ते हमखास जुळत नाहीत. नायलॉनच्या तारांना तर चुंबक काही करू शकत नाही, तिथे ब्रिजवरच्या सॅडलखाली बसणारा, दाबावरून कंपन टिपणारा पिएझो लागतो. गिटार कोरून सगळं आत बसवावं की दुतर्फी टेपवर भागवावं, यावरून अजून वाद होतात.

पट्टी निर्दोष असल्याचा पुरावा १९९५च्या व्हीजी-८ या गिटारच्या आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्राने दिला. त्याच १३ पिनांतून येणाऱ्या सहा तारांच्या आवाजावर ते थेट प्रक्रिया करतं, स्वर ओळखत बसत नाही, आणि रेंगाळणं गायब. खरोखर ‘मिडी पिकअप’ म्हणावं असं काही आलं ते २०१३च्या सुमारास. कन्व्हर्टर गिटारवरच्या डब्यात, आणि मिडी बिनतारी कॉम्प्युटरकडे.

२०२३मध्ये १३ पिनाही गेल्या. आता साध्या गिटार केबलसारखी दिसणारी एकच केबल लागते आणि जुनी गिटार नव्या यंत्राला जोडायला मध्ये आणखी एक डबा. त्या नव्या केबलमधून जातं तेही मिडी नव्हे. सहा तारांचे आवाजच ते, फक्त आकड्यांत.