मर्यादा तपासायची कोणी? एम्बेडेड कर्नलमधल्या जुन्या वादाची पार्श्वभूमी

एम्बेडेड कर्नल म्हणजे उपकरणांतल्या छोट्या कंट्रोलरवर चालणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरीची मागणी मर्यादेत आहे का, हे त्याने तपासायचे की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने, हा तो वाद. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८३ च्या ‘ऑरेंज बुक’ या संगणक-सुरक्षेच्या निकषांत सुरक्षा म्हणजे मुख्यतः गोपनीयता. एका प्रोग्रॅमने सगळी मेमरी गिळली आणि बाकीचे अडून बसले, तर काय, याला तिथे उत्तर नव्हते. त्याच वर्षी संगणक-सुरक्षेचे संशोधक व्हर्जिल ग्लिगोर यांनी सेवा अडवणे हाही सुरक्षेचाच प्रश्न असल्याचे मांडले, आणि ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत प्रोसेसनिहाय (चालू प्रोग्रॅमनिहाय) मर्यादा घालणारा ‘सेटआरलिमिट’ आला.

छोट्या कंट्रोलरना त्याची गरज भासली नाही, आणि ते तेव्हा रास्तच होते. टास्क (स्वतंत्रपणे चालणारी कामे) किती, कोणाचा स्टॅक (त्या टास्कची कामापुरती मेमरी) केवढा, टास्कमधल्या रांगेत किती संदेश, हे प्रोग्रॅम बिल्ड करतानाच ठरायचे. आकडे अभियंत्याचे, म्हणून तपासणीही त्याचीच. पुढे नेटवर्क आले, पॅकेटमधला लांबीचा आकडा थेट मेमरी मागणाऱ्या फंक्शनपर्यंत जाऊ लागला. समजूत मात्र जुनीच राहिली.

तिची किंमत एप्रिल २०२१ मध्ये दिसली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘बॅडअलॉक’ या नावाने २५ हून अधिक त्रुटी जाहीर केल्या. बहुतेकांचे मूळ साध्या गुणाकार-बेरजेत होते. ३२ बिटांच्या यंत्रावर ‘कॅलॉक’ या मेमरी देणाऱ्या फंक्शनकडे ६५,५३७ बाइटांचे ६५,५३६ घटक मागा. गुणाकार ४,२९,५०,३२,८३२, पण तो ३२ बिटांत मावत नाही आणि उरतात फक्त ६५,५३६. फंक्शन तेवढीच जागा देऊन यश कळवते, आणि पुढचे लेखन शेजारच्या डेटावर जाते. छोट्या कंट्रोलरसाठीच्या फ्रीआरटीओएस या कर्नलमध्ये रांग तयार करताना अशीच चूक होती, ती १०.४.३ मध्ये सुधारली. ब्लॅकबेरीच्या क्यूएनएक्स या एम्बेडेड ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या आवृत्त्यांतली ‘कॅलॉक’ची त्रुटी कंपनीने ऑगस्टमध्ये जाहीर केली, आणि वैद्यकीय उपकरणांसाठीची आवृत्तीही त्यात होती.

उपाय एका ओळीचा: घटकांची संख्या शून्य नसेल तर कमाल आकाराला तिने भागायचे, आणि घटकाचा आकार भागाकारापेक्षा मोठा असेल तर नकार द्यायचा. ही ओळ कर्नलमध्येच हवी, कारण प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन ती लिहील यावर विसंबता येत नाही.

पण ही अर्धीच तपासणी झाली. मागणी खरी आणि हिशेब अचूक असला, तरी एकच टास्क सगळा हीप (चालू असताना मागता येणारा सामाईक मेमरी-साठा) संपवू शकतो. झेफर या कर्नलमध्ये युजर थ्रेडच्या (मर्यादित अधिकारांनी चालणाऱ्या टास्कच्या) वतीने कर्नल मेमरी घेतो ती त्या थ्रेडला नेमून दिलेल्या साठ्यातून. साठा नेमलेला नसेल तर मागणी फसते. सेलफोर हा कर्नल तर बूटनंतर कर्नलसाठी स्वतःहून मेमरी घेतच नाही, उरलेली सगळी पहिल्या टास्कच्या हवाली करतो. फ्रीआरटीओएसच्या नेहमीच्या हीपमध्ये मात्र टास्कनिहाय हिशेब नाही. मेमरी संपल्याचा हुक (अशा वेळी आपोआप बोलावले जाणारे फंक्शन) चालतो तेव्हा नकार मिळालेला असतो शेवटी मागणाऱ्याला. खाणारा दुसराच असू शकतो. म्हणून तिथे नेटवर्क टास्कचे बफर ठरावीक आकाराच्या वेगळ्या साठ्यातून द्यावेत, आणि नियंत्रणाच्या टास्कचे स्टॅक व रांगा स्टॅटिक, म्हणजे बिल्ड करतानाच ठरलेल्या, ठेवाव्यात.