दावा गाडीवर, भुर्दंड बायकोला

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दफ्तरात १९६५ सालच्या एका खटल्याचं नाव आहे ‘एक १९५८ ची प्लिमथ सेडान विरुद्ध पेनसिल्व्हेनिया’. छपाईची चूक वाटावी असं नाव, पण चूक नाही. मागून फारच दबलेली दिसली म्हणून राज्याच्या दारू नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यांनी अडवलेली, आत दारूची खोकी सापडलेली ती मोटारच खटल्यात पक्षकार होती. ‘सिव्हिल फॉरफिचर’ म्हणजे दिवाणी दाव्याने मालमत्ता सरकारजमा करणं. दावा वस्तूवर असतो. मालक तिथे असतो तो आपली वस्तू सोडवायला आलेला एक माणूस म्हणून. आपल्याकडेही गुन्ह्यात सापडलेली गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गंजत पडते, पण आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस उभा असतो.

मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटमध्ये ३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोलिसांनी एका माणसाला रस्त्यावर उभ्या मोटारीत एका वेश्येबरोबर पकडलं. मोटार होती १९७७ ची पॉन्टिॲक. नवराबायकोने ती जेमतेम महिन्यापूर्वी ६०० डॉलरना घेतली होती, दोघांच्या नावावर. नवऱ्याला अश्लील वर्तनाबद्दल शिक्षा झाली. डेट्रॉइट ज्या वेन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथल्या सरकारी वकिलांनी मग गाडी म्हणजे ‘सार्वजनिक उपद्रव’ आहे असा वेगळा दावा लावला आणि ती सरकारजमा करून घेतली. बायकोचं म्हणणं साधं होतं: नवरा गाडीत काय करतो ते मला ठाऊक नव्हतं, निदान माझा अर्धा वाटा तरी द्या. तो देण्याचा अधिकार न्यायाधीशांना होता. त्यांनी दिला नाही, कारण एवढ्या जुन्या, स्वस्त गाडीचा खर्च वजा जाता हातात काही उरतच नाही. शिवाय या घरात दुसरी गाडी आहे, हेही त्यांनी लक्षात घेतलं. म्हणजे गाडी फुटकळ होती, म्हणूनच बायकोचा हिस्सा बुडाला!

वस्तूलाच अपराधी धरण्याची ही रीत फार जुनी. बायबलच्या ‘निर्गम’ ग्रंथात माणसाला मारणाऱ्या बैलाला दगडांनी ठेचून मारायला सांगितलं आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ज्या वस्तूने माणूस मेला ती, किंवा ज्युरीने ठरवलेली तिची किंमत, राजाकडे जमा होई. तिला ‘डिओडँड’ म्हणत, म्हणजे देवाला द्यायची वस्तू. रेल्वे आली आणि ही प्रथा अंगाशी आली. १८४१ मध्ये सॉनिंगजवळ ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या अपघातात माणसं दगावली, तेव्हा ज्युरीने गाडीवर १००० पौंडांचा डिओडँड बसवला. पाचच वर्षांत, १८४६ मध्ये, ब्रिटिश संसदेने ती प्रथाच मोडीत काढली.

अमेरिकेत मात्र हा विचार जहाजांच्या मार्गाने टिकला. सागरी कायद्यात त्याला व्यवहारी अर्थ होता: चाचेगिरी किंवा चोरटा व्यापार करणारं जहाज बंदरात सापडे, मालक समुद्रापार सुरक्षित असे. १८२७ च्या ‘पाल्मायरा’ खटल्यात न्यायमूर्ती स्टोरी यांनी लिहिलं की इथे अपराधी प्रथम ती वस्तूच मानली जाते. मालकाला आधी दोषी ठरवायची गरज उरली नाही. दारूबंदीच्या काळात हेच तत्त्व मोटारीला लागलं. १९२१ च्या एका निकालात हप्त्याने गाडी विकणाऱ्या कंपनीने आपली मालकी गमावली, कारण गिऱ्हाइकाने त्या गाडीतून कर चुकवलेली दारू वाहिली होती. १९७४ च्या निकालात भाड्याने दिलेली एक बोट किरकोळ गांज्यापायी गेली. जहाज, दारूची मोटार, गांज्याची बोट. तिन्ही ठिकाणी वस्तू निदान माल वाहत तरी होती.

वेश्याव्यवसायाकडे हा रोख वळला तो वेगळ्या वाटेने. १९०९ मध्ये आयोवा राज्याने कुंटणखाने ‘उपद्रव’ ठरवून त्यांना दिवाणी मनाईहुकमाने टाळं ठोकण्याचा कायदा केला आणि बाकीच्या राज्यांनी तो भराभर उचलला. (आपल्याकडच्या १९५६ च्या अनैतिक व्यापारविरोधी कायद्यातही मॅजिस्ट्रेटला अशी जागा रिकामी करवता येते.) मिशिगनच्या कायद्यात इमारतींच्या जोडीला वाहनं, बोटी आणि विमानंही आली. कुंटणखान्यात धंदा रोज चालतो. पॉन्टिॲक एका रात्रीपुरती ‘जागा’ झाली होती.

पॉन्टिॲकचा हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ४ मार्च १९९६ रोजी त्याने ५ विरुद्ध ४ मतांनी मिशिगनच्या बाजूने कौल दिला. मुख्य न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी जुन्या जहाजांची साक्ष काढली. बहुमतात असूनही न्यायमूर्ती थॉमस यांनी बजावलं की हे हत्यार बेताल वापरलं तर ते निरपराध मालकांकडून पैसा काढणारं, जुगारातल्या रूलेटसारखं चक्र होईल. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचं विरोधी मत मला त्या निकालपत्रातला सर्वांत जिवंत भाग वाटतो. राजवाडे, आलिशान हॉटेलं, विद्यार्थी वसतिगृहं, गल्लीबोळ, मोटारींच्या मागच्या सीटा, असा हा धंदा शतकानुशतकं परक्यांच्याच जागेत चालला, असं ते म्हणतात. पण अशा एकाच प्रसंगापायी त्रयस्थाची मालमत्ता जप्त करून त्याला शिक्षा करण्याची कल्पना आपल्या माहितीप्रमाणे १९८८ पर्यंत कुठल्याही राज्याला सुचली नव्हती!

पुढे थोडी माघार झाली. २००० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, संघराज्याच्या बहुतेक जप्त्यांमध्ये निरपराध मालकाचा बचाव मान्य केला. राज्यांचे कायदे त्याबाहेरच राहिले. कॅलिफोर्नियात स्टॉकटन शहराने वेश्या शोधत फिरणाऱ्यांच्या गाड्या जप्त करण्याचा स्थानिक नियम केला होता. तो २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, पण मालकाची दया येऊन नव्हे. हा विषय राज्याच्या कायद्याचा आहे, शहराचा नाही, एवढ्याच कारणावर.

वेन काउंटीत गाड्या उचलणं चालूच राहिलं. पहिल्या खेपेला ९०० डॉलर भरा, वर टोइंग आणि जागेचं भाडं द्या, गाडी न्या, असा तिथला दर होता. मित्राने नेलेली गाडी वेश्यागमनाच्या संशयावरून उचलली गेली आणि मालकिणीला हजाराहून जास्त डॉलर मोजून ती सोडवावी लागली, असं एक प्रकरण अपील न्यायालयापर्यंत गेलं. २०२३ मध्ये त्या न्यायालयाने जप्तीनंतर दोन आठवड्यांत सुनावणी द्या, असं काउंटीला सांगितलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अलाबामा राज्यातल्या दोन गाड्यांच्या प्रकरणात उलट कौल दिला: जप्तीचा मुख्य दावा वेळेत ऐकला म्हणजे झालं, त्याआधी वेगळी सुनावणी देण्याचं बंधन नाही. त्या दोन्ही गाड्याही बायकांच्याच, एक मुलाने नेलेली, दुसरी मित्राने. दोघींना गाड्या परत मिळाल्या, वर्षाहून अधिक काळ गेल्यावर.